प्रेपची चिठ्ठी काउंटरवर आली तर : फार्मसीच्या शेवटच्या वर्षातल्यांसाठी

टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम, एका गोळीत दोन्ही. बाटलीत ३० गोळ्या. ही बाटली मागणारा माणूस एचआयव्हीबाधित आहे असं काउंटरमागचे बहुतेक जण धरून चालतात आणि तिथेच सगळं बिघडतं. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध म्हणजे प्रेप, आणि ते नेमकं एचआयव्ही नसलेल्या माणसासाठी असतं. या जोडगोळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१२ मध्ये प्रेप म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये धोका जास्त असलेल्या सगळ्यांसाठीच तिची शिफारस केली. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र ती अजून एचआयव्हीच्या उपचाराच्या धड्यातच भेटते. ‘रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज इन्हिबिटर’ हे या औषधांच्या गटाचं नाव पाठ असलेल्या विद्यार्थ्याला ‘पहिली गोळी घेतल्यावर किती दिवसांनी संरक्षण मिळतं’ हे विचारलं की तो गप्प होतो.

डी.फार्म.च्या ५०० तासांच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणात किंवा बी.फार्म., फार्म.डी.च्या शेवटच्या टप्प्यात हे काम हाताखालून जावं, अशा बेताने पुढचं लिहिलं आहे. आधी हद्द ठरवू. भारतात फार्मासिस्ट प्रेप सुरू करू शकत नाही. ही शेड्यूल एचमधली औषधं आहेत, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी लागतेच. कॅलिफोर्नियात २०१९ च्या कायद्याने फार्मासिस्टला ठरावीक काळापुरतं प्रेप स्वतः सुरू करून द्यायची मुभा दिली, पण तो तिथला कायदा आहे. इंटरनेटवर वाचून आपल्या दुकानात तो लावायचा नाही. आपल्याकडे फार्मासिस्टचं काम तपासणं, समजावणं, वेळेवर अडवणं आणि योग्य ठिकाणी पाठवणं एवढंच. ते नीट झालं तरी पुष्कळ होतं.

आधी गोळी ओळखा

टेनोफोविर हे औषध तीन वेगवेगळ्या कारणांसाठी दुकानात येतं : हिपॅटायटिस बी, एचआयव्हीचा उपचार आणि प्रेप. ब्रँडची नावं एकमेकांच्या अंगावर पडणारी. टेनविर म्हणजे नुसतं टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम. टेनविर-ईएम म्हणजे टेनोफोविर अधिक एमट्रिसिटाबिन. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर ‘ईएम’ पुसट झालं, की प्रेपऐवजी अर्धंच औषध हातात पडतं. फडताळात दोन्ही शेजारी ठेवू नका. हेल्परला नाव वाचून नव्हे, घटक वाचून बाटली काढायची सवय लावा.

दुसरा गोंधळ दोन प्रकारच्या टेनोफोविरचा. जुनं ते डायसोप्रॉक्झिल फ्युमरेट, ३०० मिलिग्रॅम. नवं ते अलाफेनामाइड, २५ मिलिग्रॅम. नव्याचा मूत्रपिंड आणि हाडांवरचा ताण कमी म्हणून काही डॉक्टर ते लिहितात. पण योनीमार्गे संबंधांतून होणाऱ्या संसर्गासाठी त्याचा पुरेसा पुरावा नाही आणि अमेरिकेतली मान्यताही त्या वापराला नाही. बाईच्या नावाने अलाफेनामाइडवालं प्रेप लिहून आलं तर डॉक्टरांना एक फोन करावाच.

तिसरी बाटली टीएलडीची : टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३००, डोल्युटेग्राविर ५०. सरकारी एआरटी सेंटरमधून उपचारासाठी मिळते ती हीच, आणि संसर्गाची शक्यता असलेल्या घटनेनंतर २८ दिवस घ्यायच्या पेपसाठीही हीच. प्रेपच्या चिठ्ठीवर टीएलडी दिसलं तर काहीतरी चुकलं आहे. एक तर निदान वेगळं आहे, नाहीतर प्रेप आणि पेप यांत गल्लत झाली आहे.

टेनोफोविरसोबत एमट्रिसिटाबिनऐवजी लॅमिव्ह्युडिन असलं तरी जागतिक आरोग्य संघटना ते प्रेपसाठी चालवते. म्हणून तुम्ही परस्पर बदलून द्यायचं असं नाही. शेड्यूल एचच्या चिठ्ठीवर लिहिलेल्याऐवजी दुसरं औषध द्यायला औषध नियम १९४५ च्या नियम ६५ मध्ये मनाई आहे, घटक तेच असले तरी. स्टॉकमध्ये नाही तर तसं सांगा, स्टॉकिस्टकडून केव्हा येईल ते सांगा किंवा डॉक्टरांकडून बदल लिहून आणा. प्रेप घेणाऱ्याचा डोस ‘दोन दिवसांनी या’ म्हटल्याने तुटतो, हे लक्षात ठेवून नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी एक बाटली जास्तीची ठेवणं शहाणपणाचं.

बाटलीतली सिलिका जेलची पुडी फेकू देऊ नका. या गोळ्या ओल धरतात. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये गोळ्या सुट्या करून कागदी पाकिटात दिल्या तर आठवड्यात त्यांचा रंग-पोत बदलू शकतो. बरेच जण घरच्यांना दिसू नये म्हणून बाटली टाळतात. त्यांना सांगा की आठवड्याच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डबीत काढा, बाकीच्या मूळ बाटलीत पुडीसकट राहू द्या.

रिपोर्टमधल्या चार गोष्टी

प्रेप सुरू करण्याआधी एचआयव्ही नाही याची खात्री हवी, कारण दोन औषधं उपचाराला पुरत नाहीत. संसर्ग असताना फक्त ही जोडगोळी चालू राहिली तर विषाणूत एम१८४व्ही आणि के६५आर यांसारखे बदल होतात आणि पुढच्या उपचारातली महत्त्वाची औषधं निकामी होऊ शकतात. म्हणून पहिली गोष्ट, एचआयव्ही चाचणीची तारीख. सुरुवातीच्या आधी आठवड्याभरातली असावी. महिनाभर जुना रिपोर्ट म्हणजे महिनाभरापूर्वीची बातमी. नुसत्या अँटिबॉडी शोधणाऱ्या रॅपिड चाचणीला संसर्गानंतर २३ ते ९० दिवस लागू शकतात. अँटिजेन-अँटिबॉडी दोन्ही शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या चाचणीला १८ ते ४५ दिवस. ‘रिपोर्ट निगेटिव्ह’ या दोन शब्दांत ही फट लपलेली असते.

त्यामुळे दुसरी गोष्ट रिपोर्टवर नसते, विचारावी लागते : गेल्या महिन्याभरात ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, मानेतल्या गाठी असं काही झालं होतं का? आणि त्याच्या आधी जोखमीचा संबंध आला होता का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. महाराष्ट्रात पावसाळ्यात निम्म्या घरांत तापघसा असतोच, त्यामुळे प्रत्येकाला घाबरवायचं नाही. पण दोन्ही उत्तरं जुळली तर थांबायचंच.

तिसरी गोष्ट हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी चाचणी. ही पॉझिटिव्ह असली तरी रोजचं प्रेप घेता येतं, उलट टेनोफोविरने त्या विषाणूवरही दाब राहतो. धोका बंद करताना असतो. गोळी एकाएकी थांबवली की यकृताला सूज येऊन प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं. असा माणूस ‘आता नको, बंद करतो’ म्हणाला तर त्याला डॉक्टरांकडे पाठवल्याशिवाय सोडू नका. चाचणी निगेटिव्ह असेल आणि लस झालेली नसेल तर ०, १ आणि ६ महिन्यांची लस सुचवा.

चौथी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी. इथे विद्यार्थी फसतात, कारण प्रयोगशाळेच्या कागदावर आकडा ‘नॉर्मल’मध्ये असतो. पाहायचं असतं क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला किती रक्तातून क्रिएटिनिन साफ करतं, आणि ते डायसोप्रॉक्झिलवाल्या गोळीसाठी मिनिटाला ६० मिलिलिटर तरी हवं. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र : १४० मधून वय वजा करा, वजनाच्या किलोने गुणा, येईल त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिन यांनी भागा. बाईचं असेल तर शेवटी ०.८५ ने गुणा.

३४ वर्षांचा पुरुष, ५८ किलो, क्रिएटिनिन १.१. म्हणजे १०६ गुणिले ५८ बरोबर ६१४८, भागिले ७९.२, उत्तर ७८ च्या आसपास. चालेल. आता ५२ वर्षांची बाई, ४५ किलो, क्रिएटिनिन १.०. ८८ गुणिले ४५ बरोबर ३९६०, भागिले ७२ बरोबर ५५, गुणिले ०.८५ बरोबर ४७. तिचा क्रिएटिनिनचा आकडा त्या पुरुषापेक्षा कमी, कागदावर कुठेही तांबडी खूण नाही, तरी ही गोळी तिला नको. वजन कमी आणि वय जास्त असलं की हे हमखास होतं. उलटा प्रकारही दिसतो. जिमला जाणाऱ्या पोराचं क्रिएटिनिन १.४ येतं आणि तो क्रिएटिन पावडर घेत असतो. त्या पावडरीने मूत्रपिंड ठीक असतानाही आकडा वर जाऊ शकतो. पावडर बंद करून पुन्हा तपासणी करायची की कसं, हे डॉक्टर ठरवतील, पण पावडरीचं विचारायचं काम तुमचं.

रिपोर्ट दाखवलाच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. ‘चाचणी झाली का, केव्हा झाली’ एवढं विचारा. झेरॉक्स काढून ठेवायची नाही, फोटो मागायचा नाही.

बोलायचं कसं

दुकानात सर्वांत जास्त नुकसान करणारं वाक्य काउंटरवरून आत हेल्परला दिलेली हाक असते : ‘अरे, ती एचआयव्हीची गोळी काढ रे.’ मागे चार माणसं उभी असतात. तो गिऱ्हाईक परत येत नाही, आणि त्या दुकानात नाही म्हणजे बहुतेक वेळा कुठेच नाही. घटकाचं नाव घ्या, किंवा चिठ्ठी हातात देऊन बोट दाखवा.

बोलण्यासाठी काउंटरची एक बाजू ठरवून ठेवा, जिथे बिलिंगची रांग नाही. सुरुवात अशी करता येते :

‘डॉक्टरांनी ही गोळी कशासाठी सांगितली आहे, ते सांगाल का? म्हणजे मला घ्यायची पद्धत नीट सांगता येईल.’

‘ते… प्रेप म्हणून.’

‘बरं. आधी कधी घेतली आहे? नाही? मग दोन-तीन गोष्टी विचारतो. उत्तर द्यायचंच असं नाही, पण दिलंत तर चूक टळेल.’

यात ‘का लागते तुम्हाला?’ नाही, ‘लग्न झालंय का?’ नाही, भुवया उंचावणं नाही. पद्धत सांगायला संबंधांचा प्रकार माहीत असावा लागतो, तो मात्र सरळ विचारावा : ‘संबंध पुरुषांशी येतो, बायकांशी की दोघांशी? विचारतोय कारण गोळीचे दिवस त्यावर बदलतात.’ कारण सोबत सांगितलं की बहुतेक जण उत्तर देतात. तृतीयपंथी व्यक्तीला नाव काय घ्यायचं ते विचारा आणि तेच घ्या. हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू आहेत का हेही विचारा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

कॉलेजातल्या मुलांना गुदमैथुन, योनीमार्ग, वीर्य हे शब्द तोंडातून निघायला जड जातात. वर्गात मोठ्याने म्हणून घ्या. हसून हसून एकदा संपवा, म्हणजे काउंटरवर हसू येणार नाही.

डोस

रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी. जेवणाआधी-नंतर काहीही चालतं. पण पहिल्याच दिवशी संरक्षण मिळत नाही, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या हिशोबाने गुदद्वारातल्या पेशींत औषधाची पुरेशी पातळी यायला साधारण ७ दिवस आणि योनीमार्गात व रक्तात साधारण २१ दिवस लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची सूचना थोडी सुटसुटीत आहे : स्त्रियांनी आणि इंजेक्शनने नशा करणाऱ्यांनी आधी ७ दिवस रोज घ्यावी, आणि थांबवताना शेवटच्या जोखमीनंतर आणखी ७ दिवस. दोन आकडे ऐकून गिऱ्हाईक गोंधळतं. डॉक्टरांनी जो सांगितला तोच तुम्ही सांगा, आणि तोवर कंडोम वापरायला सांगा.

पुरुषांसाठी ‘२-१-१’ ही प्रसंगापुरती पद्धतही आहे. शनिवारी रात्री दहाला भेट ठरली आहे असं समजा. शनिवारी संध्याकाळी सहाला दोन गोळ्या एकदम (संबंधाच्या २ ते २४ तास आधी), रविवारी सहाला एक, सोमवारी सहाला एक. रविवारी रात्री पुन्हा संबंध आला तर गोळ्या लांबतात : रविवार, सोमवार, मंगळवार, म्हणजे शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस रोज एक. पहिल्या दोन गोळ्या विसरून उरलेल्या दोन नंतर घेणं ही या पद्धतीतली नेहमीची चूक. तिचा उपयोग होत नाही. ही पद्धत स्त्रियांसाठी नाही, इस्ट्रोजेनवर असलेल्या तृतीयपंथी स्त्रियांसाठी नाही आणि हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी तर मुळीच नाही, कारण त्यात औषध वारंवार बंद होतं.

डोस चुकला तर आठवल्याबरोबर एक घ्यावी. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर तीच घ्यावी, भरपाई म्हणून दोन नकोत. किती चुकल्या तर चालतात, हा प्रश्न येणारच. पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांमधल्या अभ्यासांत आठवड्याला चार किंवा जास्त गोळ्या घेणाऱ्यांना भक्कम संरक्षण दिसलं. योनीमार्गात औषध कमी साठतं, त्यामुळे बायकांना ही सूट नाही. आफ्रिकेतल्या फेम-प्रेप आणि व्हॉइस या दोन मोठ्या चाचण्या स्त्रियांमध्ये फसल्या, त्या औषध वाईट म्हणून नव्हे, बहुतेकींच्या रक्तात औषधच सापडलं नाही म्हणून. तेव्हा गोळी रोज कशाला जोडायची हे विचारून घ्या : सकाळचा चहा, दात घासणं, रात्रीचा मोबाईल चार्जिंगला लावणं.

सुरुवातीला दहातल्या एखाद्याला मळमळ, डोकेदुखी, पोटात वायू होतो. महिन्याभरात बहुधा ओसरतो. हे आधी सांगितलं नाही तर माणूस चौथ्या दिवशी गोळी बंद करतो आणि ‘सूट झाली नाही’ म्हणतो. सिफिलिस, परमा आणि गर्भधारणा यांना प्रेप थांबवत नाही, हेही त्याच दमात सांगायचं.

सोबतची औषधं

टेनोफोविरसोबत सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते वेदनाशामकांकडे. कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक महिनोन्‌महिने घेणारा आणि सोबत प्रेप घेणारा माणूस मूत्रपिंडावर दोन्हीकडून भार टाकत असतो. तुमच्याच दुकानातून तो चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक मागतो तेव्हा पॅरासिटामॉल सुचवा आणि दुखण्यासाठी डॉक्टरांकडे पाठवा. हिपॅटायटिस बीवरचं अ‍ॅडेफोविर सोबत नको. संतती नियमनाच्या गोळ्यांशी प्रेपचं काही वाकडं नाही. दारूशी थेट आंतरक्रिया नाही, पण प्यायल्यावर गोळी विसरते.

टीबीची औषधं वेगळा विषय. रिफाम्पिसिन चालू असेल तर अलाफेनामाइडवालं प्रेप टाळतात, डायसोप्रॉक्झिलवालं चालतं. डोल्युटेग्राविर असेल तर रिफाम्पिसिनसोबत तो दिवसातून दोनदा लागतो. डोल्युटेग्राविर असलेल्या पेपमध्ये गॅसच्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या अँटासिडचंही बंधन आहे : अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर गोळी. लोह आणि कॅल्शियमलाही तोच नियम, फक्त जेवणासोबत दोन्ही एकत्र घेतली तर चालतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन असेल तर ते सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवतात.

७२ तास

प्रेप विचारायला आलेल्यांपैकी काहींना खरं तर पेप हवं असतं. कंडोम फाटला, बळजबरी झाली, सुई टोचली. पहिला प्रश्न एकच : केव्हा? पहिला डोस शक्यतो २ तासांत, आणि ७२ तासांनंतर सुरू करण्यात अर्थ उरत नाही. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, २०२१ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे रोज एक टीएलडी, २८ दिवस. अशा वेळी चिठ्ठीसाठी ‘उद्या ओपीडीत दाखवा’ म्हणायचं नाही. सिव्हिल हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत लगेच पाठवा. तुमच्या गावातल्या कॅज्युअल्टीचा आणि एआरटी सेंटरचा पत्ता लिहून काउंटरखाली चिकटवून ठेवा. राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७ फुकट आहे.

सुई टोचली असेल तर जागा साबण-पाण्याने धुवायची. पिळायची नाही, तोंडात घालायची नाही, ब्लीच किंवा स्पिरिट ओतायचं नाही. हॉस्पिटल पोस्टिंगवर असताना तुम्हाला स्वतःला टोचली तरी हेच, आणि वॉर्डच्या सिस्टरला त्याच मिनिटाला सांगायचं. नंतरच्या चाचण्या ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी. २८ दिवस संपताना धोका पुढेही राहणार असेल तर चाचणी निगेटिव्ह आल्यावर मध्ये खंड न पाडता प्रेपवर जाता येतं. आठवण तुम्ही द्यायची, कारण बाटली संपते तेव्हा तो तुमच्याच दुकानात येतो.

दुसऱ्यांदा आला तर

तारखांचा हिशोब करा. ३ जूनला ३० गोळ्या नेल्या आणि त्याच दिवशी सुरू केल्या, तर शेवटची २ जुलैला संपते. माणूस १४ जुलैला आला, तर ११ दिवसांच्या गोळ्या कुठे गेल्या? एक तर मध्ये चुकवल्या, नाहीतर संपल्यावर खंड पडला. ‘चुकवल्यात ना?’ असं नका विचारू. ‘रोजची घ्यायला अडचण कुठे येते?’ असं विचारा. खंड आठवड्याहून मोठा असेल तर नवीन चाचणीसाठी डॉक्टरांकडे, आणि संरक्षणाचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

नियम ६५ इथे कामाला येतो : चिठ्ठीवर पुन्हा द्यावं असं लिहिलेलं नसेल तर शेड्यूल एचचं औषध त्या चिठ्ठीवर एकदाच देता येतं, आणि दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता व तारीख घालायची. पुष्कळ दुकानांत हे होत नाही. प्रेपमध्ये ते पाळायला खरं कारण आहे. पहिली फेरतपासणी महिन्याने आणि नंतर दर ३ महिन्यांनी एचआयव्ही चाचणी व्हायला हवी. तीन बाटल्या संपल्या की चाचणी, असं साधं गणित सांगा. क्रिएटिनिन तरुण आणि निरोगी माणसाचं वर्षातून एकदा, पन्नाशीपुढे किंवा क्लिअरन्स कमी असेल तर ६ महिन्यांनी.

जोडीदाराला एचआयव्ही आहे म्हणून प्रेप घेणारी जोडपीही येतात. बाधित जोडीदाराचा उपचार सुरू होऊन विषाणू दबला की त्याच्याकडून संबंधांतून संसर्ग होत नाही. तोवरच्या साधारण सहा महिन्यांचा पूल म्हणून प्रेप असतं. मूल हवं असलं तरी किंवा दिवस गेले असले तरी टेनोफोविर-एमट्रिसिटाबिन चालू ठेवता येतं. घाबरून बंद करू देऊ नका.

इंजेक्शनांबद्दल विचारणारे वाढत आहेत. कॅबोटेग्राविर ६०० मिलिग्रॅम कुल्ल्यात, पहिली दोन इंजेक्शनं एका महिन्याच्या अंतराने आणि पुढे दर दोन महिन्यांनी एक. लेनाकॅपाविर ९२७ मिलिग्रॅम पोटाच्या कातडीखाली वर्षातून दोनदा, सोबत पहिल्या दोन दिवशी ६०० मिलिग्रॅमच्या गोळ्या. त्याला अमेरिकेत जून २०२५ मध्ये मान्यता मिळाली. जेनेरिक बनवायचा परवाना २०२४ मध्ये ज्या सहा कंपन्यांना दिला गेला त्यांत पुण्याची एमक्युअरही आहे. दुकानात आज विचारणाऱ्याला ‘अजून काउंटरवर मिळत नाही, डॉक्टरांशी बोला’ एवढंच उत्तर पुरे.

वर्गातला सराव

तिघांचा गट करा : एक गिऱ्हाईक, एक फार्मासिस्ट, एक बघणारा. बघणाऱ्याने फक्त तीन गोष्टी टिपायच्या : औषधाचं नाव मोठ्याने घेतलं का, चाचणीची तारीख विचारली का, संरक्षण केव्हापासून ते सांगितलं का. मग या पाच चिठ्ठ्या फिरवा. प्रत्येकीत एक खोट आहे.

पहिली : ‘टेनविर, रोज एक, ३०’ आणि तरुण म्हणतो प्रेपसाठी. औषध अर्धंच आहे, फोन करा. दुसरी : तारीख तीन महिन्यांपूर्वीची, तीन बाटल्या नेल्याची शिक्क्यानिशी नोंद, पुन्हा द्यावं असं कुठे नाही. नवीन चिठ्ठी आणि नवीन चाचणी. तिसरी : हिपॅटायटिस बी असलेल्या पुरुषाला ‘२-१-१’. डॉक्टरांकडे परत. चौथीला चिठ्ठीच नाही : मंगळवारी संध्याकाळी सहाला मुलगा येतो, कंडोम शनिवारी रात्री अकराला फाटला, प्रेपची बाटली मागतो. मोजा. ६७ तास झाले, पेपसाठी ५ उरले. रिक्षाने कॅज्युअल्टी. ‘उद्या बघू’ म्हणणारा विद्यार्थी इथे नापास.

पाचवीत चिठ्ठी नाही आणि गिऱ्हाईकही नाही. नेहमी येणाऱ्या माणसाची बायको येते : ‘आमचे हे तुमच्याकडून दर महिन्याला कसली बाटली नेतात हो?’ विद्यार्थी इथे दोन टोकं गाठतात, खोटं बोलतात (‘व्हिटॅमिन आहे ताई’) किंवा चेहऱ्यावरूनच सगळं सांगून टाकतात. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, एचआयव्हीसंबंधीची माहिती संमतीशिवाय उघड करू देत नाही. आणि कायदा नसता तरी दुकानातली कुणाचीच खरेदी तिसऱ्याला सांगायची नसते. उत्तर सरळ, आवाज नेहमीचा, आणि कुणाच्याही औषधाबद्दल विचारलं तरी शब्दही तेच ठेवा : ‘ताई, कुणाचं औषध असलं तरी ते ज्याचं त्यालाच सांगतो आम्ही. तुमचं काही असलं तर तेही कुणाला सांगणार नाही. त्यांनाच विचारा, किंवा दोघं मिळून या, मी बसून समजावतो.’